लागेल तेव्हा नेणे

१९६५ सालच्या जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळी साडेनऊ. जागा पालघरच्या वाचनालयाची मागची खोली. विषय, जिल्ह्याहून मंजूर झालेलं वार्षिक सहाशे रुपयांचं अनुदान अटींसह स्वीकारणं. हजर सभासद चार: अध्यक्ष म्हणून गावातले डॉक्टर, चिटणीस म्हणून शाळेचे हेडमास्तर, भाताच्या गिरणीचे शेठ आणि खजिनदार म्हणून मी. पाचवा माणूस दाराशी उभा होता. तो सभासद नसल्यामुळे इतिवृत्तात त्याचं नाव नाही. हेडमास्तरांचं अक्षर त्यांनाही लागत नसे, म्हणून इतिवृत्त मीच लिहीत असे. नाव गाळणारा मीच.

त्या खोलीत आमच्या तालुक्याचं इतिहास संग्रहालय होतं आणि दाराशी उभा असलेला माणूस ते सांभाळत होता. त्याला सगळे दरोगासाहेब म्हणत. मीठ खात्यात बत्तीस वर्षं, अकरा बदल्या; शेवटची आमच्या किनाऱ्यावरच्या मिठागरांवर. निवृत्त झाल्यावर बाकीचे अधिकारी आपापल्या गावी गेले. हे गेले नाहीत. गाव वाईकडचं, एवढं कळलं होतं. घरी कोण आहे असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बदलीच्या नोकरीत ते राहून गेलं." लग्न राहून गेलं, की होऊन काही राहून गेलं, हे मी पुढे विचारलं नाही. आकड्यांच्या बाहेरचं विचारायची मला सवय नाही.

संग्रहालय ही कल्पना त्यांचीच. मिठागरांच्या कामासाठी किनाऱ्यावरचं घर नि घर त्यांनी पाहिलेलं होतं. कुणाच्या माळ्यावर काय पडलं आहे, कुणाच्या गोठ्यात कोणती जुनी वस्तू उलटी घालून ठेवली आहे, हे त्यांना घरच्यांपेक्षा जास्त ठाऊक. वाचनालयानं मागची खोली दिली आणि तिला लागून एक पडवी. पडवीत त्यांची खाट, एक ट्रंक आणि स्टोव्ह. मानधन ठरलं दरमहा पंधरा रुपये.

वस्तू गोळा करायची त्यांची पद्धत अशी. घरी जायचं, ओटीवर बसायचं, पाणी घ्यायचं. पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही. ज्याचं मीठ तपासायचं त्याचं मीठ खायचं नाही, असा त्यांचा नोकरीतला नियम होता आणि तपासण्यासारखं मीठ उरलं नाही तरी तो चालूच राहिला. मग वस्तू मागायची आणि सांगायचं, "तुमचीच राहील. माझ्याकडे फक्त कोरडी राहील. लागेल तेव्हा न्या." वस्तू मिळाली की तिची चिठ्ठी ते स्वतः लिहीत. त्या चिठ्ठ्यांत धातू, काळ, राजवट वगैरे काही नसे. शिरगावच्या किल्ल्याजवळ विहीर उपसताना एका वाडीवाल्याला तोफेचा गोळा सापडला होता. त्याची चिठ्ठी मला तोंडपाठ आहे: "तोफगोळा. वजन अकरा शेर. सध्या उपयोग, कैरीच्या लोणच्यावर दडपण. चैत्र-वैशाखात नेणार." मोठ्या तपेल्याच्या चिठ्ठीवर होतं, "साठ माणसांचा भात. तळाला ठिगळ, पण गळत नाही. लग्नसराईत नेणार." प्रत्येक चिठ्ठीच्या शेवटी एक ओळ असायचीच: लागेल तेव्हा नेणे.

लोक खरोखरच नेत. संग्रहालयातल्या वस्तू पाहायला येणारी माणसं मी फार पाहिली नाहीत. न्यायला आणि परत आणायला येणारी पुष्कळ पाहिली. तपेलं लग्नाला जाई, मशालीचे दांडे वरातीला, होडीचा जुना नांगर कुणाचा तुटला की समुद्रात. आलेला माणूस अर्धा तास बसे. भाव, पाऊस, कुणाची सोयरीक, कुणाची होडी उलटली, सगळं बोलणं होई. दरोगासाहेब स्वतः थोडं बोलत. तपेलं उलटंपालटं करून पाहत आणि विचारत, "भात लागला का खाली?" लागला असला तर त्यांना बरं वाटे. वस्तू रिकामी बसली की माणसासारखीच तिरसट होते, असं ते म्हणत.

उघडण्याच्या वेळेपायी मात्र मला डोकं धरावं लागे. ते संग्रहालय भरतीओहोटीवर चालवत. समुद्र पालघरपासून चार मैल लांब, पण किनाऱ्यावरचा माणूस कधी मोकळा असतो ते पाणी ठरवतं, घड्याळ नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे संग्रहालय आज आठला उघडलं तर उद्या पावणेनऊच्या पुढे, परवा साडेनऊच्या पुढे. अमावास्या आणि पौर्णिमेची वेळ काय ती मला आधी सांगता येई. दारावर वेळ लिहा म्हटलं, तर त्यांनी लिहिलं, "ओहोटी लागल्यावर." वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला येणारी पेन्शनर मंडळी पाटी वाचून हसत. कोळीवाड्यातला माणूस मात्र कधी बंद दारावर आला नाही, हेही मी पाहिलं आहे.

अनुदानासाठी आम्ही अर्ज केला आणि १९६४ च्या वैशाखात जिल्ह्याहून एक तपासणी अधिकारी आले. वैशाख म्हणजे लग्नसराई आणि लोणच्याचे दिवस. खोलीत चिठ्ठ्या त्रेचाळीस होत्या आणि वस्तू सतरा. अधिकाऱ्यांनी एका रिकाम्या खुंटीसमोर उभं राहून विचारलं, "हा नांगर कुठे आहे?"

"समुद्रात," दरोगासाहेब म्हणाले.

"म्हणजे हरवला?"

"नाही. कामावर आहे. पौर्णिमेनंतर येईल."

अधिकारी भला माणूस होता. दरोगासाहेबांनी त्यांना, उन्हं कलल्यावर, बैलगाडीत घालून उरलेला संग्रह दाखवायला नेलं. मीही बरोबर होतो. केळव्याच्या वाटेवर एका मांडवात तपेलं चुलीवर चढलेलं पाहिलं. शिरगावात माजघरात नेऊन बरणीवरचा तोफगोळा दाखवला. घरधनीण तो उचलायला तयार नव्हती, लोणच्याला अजून पंधरा दिवस होते. अधिकाऱ्यांनी मांडवात दोन घास खाल्ले, हसले, आणि जाऊन अहवालात लिहिलं: संग्रह उत्तम, पण जागेवर नाही. सबब अनुदान तीन अटींवर. वेळ ठरलेली असावी. वस्तूंची मालकी संस्थेची असावी. कोणतीही वस्तू खोलीबाहेर जाऊ नये.

त्या अटी मान्य करायला भरलेली ती रविवारची सभा. सहाशे रुपये थोडे नव्हते. छताचे वासे किडले होते, कपाटं नव्हती. अटी मान्य कराव्यात असा ठराव मी मांडला. मालकीचं काय करायचं, हेही मीच सुचवलं: वाचनालयाच्या फळ्यावर नोटीस लावायची की ज्यांच्या वस्तू आहेत त्यांनी तीस दिवसांत हरकत घ्यावी, न घेतल्यास वस्तू संस्थेस दान केल्या असं समजण्यात येईल. असं काम मी गिरणीत हिशेबनीस म्हणून नेहमी पाहत होतो. चारही हात वर झाले. तेव्हा दाराकडून आवाज आला, "नोटीस त्यांनी वाचली, हे कसं कळणार?"

मी म्हणालो, "वाचायची त्यांनी. आपण चिकटवायची."

आज मला स्वच्छ दिसतं की त्रेचाळीस वस्तूंच्या मालकांपैकी लिहितावाचता येणारे सहा होते आणि त्या फळ्यासमोरून महिन्यातून एकदा तरी जाणारा एकही नव्हता. तीस दिवसांत हरकत आली नाही. एकतिसाव्या दिवशी मी यादी केली. वस्तू, आकार, स्थिती, नुकसान असल्यास नुकसान. यादीखाली माझी सही आणि दरोगासाहेबांची सही. सही करताना त्यांनी बराच वेळ टाक दौतीतच ठेवला होता. मला गिरणीत जायची घाई होती, ते मी बोलूनही दाखवलं.

मग दाराला दोन कुलपं लागली. एकाची किल्ली त्यांच्याकडे, दुसऱ्याची माझ्याकडे. हीसुद्धा माझीच सूचना. खजिन्याची पद्धत अशीच असते. वेळ दहा ते पाच. गिरणी समोरच, त्यामुळे सकाळी दहाला मी जाऊन माझं कुलूप उघडी आणि संध्याकाळी पाचला लावी. वस्तूंपुढे सुतळीच्या जाड दोरीचं कुंपण आलं आणि दरोगासाहेबांच्याच अक्षरात पाटी आली, हात लावू नये. चिठ्ठ्यांवरची शेवटची ओळ त्यांनी खोडली नाही. मी सांगितलं तेव्हा त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या नव्यानं लिहिल्या, ती ओळ सोडून. त्रेचाळीस चिठ्ठ्या. त्यांना नऊ दिवस लागले. एरवी ते काम दोन दिवसांचं.

१९६४ साली नेण्याआणण्याच्या वहीत दोनशे बारा नोंदी आहेत. १९६५ साली प्रेक्षकांच्या वहीत एकोणतीस, आणि त्यातली बावीस मुलं, एकाच दिवशी शाळेबरोबर आलेली. पहिल्या उन्हाळ्यात लोक आले, नेहमीप्रमाणे न्यायला. दरोगासाहेबांनी प्रत्येकाला सांगितलं, आता देता येत नाही. कुणी भांडलं नाही. साहेबांनी सांगितलं म्हणजे काही असेल, असं म्हणून गेले, आणि परत आले नाहीत. तपेलं भाड्यानं बाजारात मिळतं. नांगर विकत मिळतो. लोणच्यावर दगडही चालतो.

पाच वाजता कुलूप लावताना मी विचारी, "आज?" ते म्हणत, "कोणी नाही." पुढे पुढे मी विचारायचं सोडलं, तर तेच सांगू लागले. त्यानंतर काही महिन्यांनी तेही बोलेनात. मी रस्ता ओलांडताना दिसलो की नुसती मूठ मिटून दाखवत. मूठ म्हणजे शून्य. एकदा एक बोट वर दिसलं. मी उत्सुकतेनं विचारलं, कोण? तर पत्ता विचारायला आलेला बोईसरच्या कारखान्यातला एक परप्रांतीय कामगार होता. "पाणी प्यायला," दरोगासाहेब म्हणाले, "आणि बसला थोडा." वहीत त्याचं नाव होतं. अभिप्रायाच्या रकान्यात त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, पाणी थंड.

ते १९६८ च्या ऑक्टोबरात गेले. चार दिवसांचा ताप. दवाखान्यात मी रोज दोनदा जात असे, दहाला आणि पाचला. दुसरी वेळ मला सुचली नाही. स्मशानात आम्ही पाच जण होतो, त्यातला एक लाकडंवाला. ट्रंकेत दोन धोतरं, तीन सदरे, आणि भरतीओहोटीच्या वेळा लिहिलेल्या अठरा वह्या. कळवायला पत्ता कुठेच सापडला नाही. पुढच्या वर्षी वाचनालयाला खोली हवी होती म्हणून वस्तू शाळेच्या कोठीत गेल्या. शेवटच्या वेळी मी मोजल्या तेव्हा एकतीस होत्या. आज किती असतील ते मला माहीत नाही, आणि हे वाक्य मला लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

पण त्या कुलपांच्या काळात एक दिवस वेगळा गेला. तो १९६६ च्या डिसेंबरातला.

तारापूरकडच्या एका गावची म्हातारी बाई एका दुपारी संग्रहालयात आली. तिच्या घरचा पाळणा आमच्याकडे होता. सागवानी, चार पाट्यांचा, कोरीव काम बेताचं. तिची लेक बाळंत झाली होती, आठ दिवस झाले होते, बाराव्या दिवशी बारसं. त्या घरातलं प्रत्येक पोर त्या पाळण्यात निजलं होतं. तिचं गाव तारापूरच्या अणुवीज प्रकल्पाच्या कुंपणात गेलेलं होतं. पैसे मिळाले होते, नवीन घराच्या भिंती छातीपर्यंत आल्या होत्या, पण छप्पर चढायचं होतं. तोवर ती लेकीला घेऊन शिरगावात भावाच्या वाडीत राहत होती. गावातली बाकीची माणसंही अशीच नातेवाइकांकडे पांगली होती, कोण डहाणूला, कोण वैतरणेला.

तिनं दरोगासाहेबांना एवढंच सांगितलं की पालना न्यायला आलंय. त्यांनी तिला पाचपर्यंत बसवून ठेवलं आणि मी कुलूप लावायला गेलो तेव्हा तिला माझ्यासमोर उभं केलं. म्हणाले, "खजिनदार, यांना मी शब्द दिला होता आणि तुम्हाला सही दिली आहे. दोन्ही माझ्याच हातचं. तुम्ही सांगा काय करायचं." मग ते बाजूला सरकले. त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. हे मागणं होतं, ते मला कळलं. मी कळल्याचं दाखवलं नाही.

मी आजींना नीट समजावून सांगितलं. नोटीस, तीस दिवस, हरकत नाही, म्हणून दान.

"कुटं लावलेली नोटीस?"

"या फळ्यावर."

"मंग तुमी फल्याला इच्यारलंत," ती म्हणाली. "आमाला कोनी इच्यारलं? आमचं गाव गेलं तवा पन कागदच आलेला. पन त्या बाबानं झाडाखाली उबा राहून वाचून तरी दाकवला."

मी म्हणालो, आजी, नियम आहे. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमचं सवताचं बारसं झालेलं का तुमाला पन नुसतं वहीत लिवलं?"

फळ्याजवळ वर्तमानपत्र वाचणारा एक पेन्शनर मोठ्यानं हसला. मी घरी जाऊन बायकोला हे सांगितलं, अर्थात माझ्या बाजूनं. ती पोळ्या लाटत होती. तिनं मला विचारलं, पाळणा तुम्हाला कशाला हवा आहे? मी म्हणालो, मला नको, संस्थेला. ती म्हणाली, संस्थेला दिवस गेलेत का?

दुसऱ्या दिवशी दहा वाजता कुलूप काढताना दरोगासाहेबांनी विचारलं, "नियम वस्तू बाहेर नेण्याबद्दल आहे. माणसं आत येण्याबद्दल काही नियम?"

"नाही. माणसं यावीत म्हणून तर संग्रहालय."

"किती आली तर चालतील?"

"संख्येची अट नाही."

"आणि हात लावू नये ही पाटी?"

"पाटी अटींमध्ये नाही. ती तुम्ही लिहिलीत."

"मग मी ती चार तास उतरवीन," ते म्हणाले. मला कळायला पाऊण मिनिट लागलं. कळल्यावर मी यादी काढून अटी पुन्हा वाचल्या. हरकत घेण्यासारखं काही सापडलं नाही. खरं सांगायचं तर मी ते शोधत होतो ते सापडू नये म्हणूनच.

बाराव्या दिवशी सकाळी शिरगावहून छपराची बैलगाडी आली, आत बाळंतीण आणि तिची तान्ही मुलगी. आजी पुढे, गाडीवाल्याशेजारी. मग स्टेशनाकडून माणसं यायला लागली. बायका, पुरुष, डोक्यावर टोपल्या, कडेवर पोरं. कुंपणात गेलेलं ते गाव पांगल्यानंतर पहिल्यांदाच एका जागी येत होतं, आणि ते आमच्या खोलीत. रस्त्यातच एकमेकींच्या गळ्यात पडणं चाललं होतं. मी वही घेऊन दाराशी बसलो आणि नावं लिहू लागलो. येण्याचं प्रयोजन असा एक रकाना होता. पहिल्या चार जणींपुढे मी 'संग्रह पाहणे' लिहिलं आणि नंतर तो रकाना रिकामा सोडला.

खोलीची तुळई मजबूत होती, अनुदानातून बदललेली. पाळणा टांगायला दोरी हवी. आजीनं आणलेली दोरी आखूड पडली. दरोगासाहेबांनी कुणाला न विचारता वस्तूंपुढची कुंपणाची दोरी सोडली आणि तिनं पाळणा टांगला. गाठ मारली ती होडीची, मी पाहिली. बायका कुंपणापलीकडे गेल्या. कुणी आपलं तपेलं ओळखलं. कुणी मिठागराचं फावडं हातात घेऊन म्हणालं, हे तर आमच्या बाबाचं. कुणी तोफगोळ्यावर लहान पोराला बसवलं. मी वहीत मान घातली; गोळ्याला धोका नव्हता. पोराचं वजन अकरा शेर नक्की नव्हतं.

मग पाळणा म्हणायला सुरुवात झाली. आत्यानं कानात नाव सांगितलं, पाठीत धपाटे बसले, हसणं झालं. मुलीचा मामा कोयता घेऊन पुढे आला. यादीत मी पाळण्यासमोर लिहिलं होतं: डाव्या पट्टीवर तेवीस खाचा, नुकसान. ते नुकसान नव्हतं. त्या घरात प्रत्येक पोरामागे एक खाच पाडायची रीत होती. मामा माझ्याकडे पाहून थांबला. सगळी खोली थांबली. दरोगासाहेब माझ्याकडे पाहत नव्हते, खिडकीतून बाहेर पाहत होते. मी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला. तो मी चांगला वेळ घेऊन पुसला. परत लावला तेव्हा खाचा चोवीस होत्या.

घुगऱ्या वाटल्या गेल्या. दरोगासाहेबांनी ओंजळीत घेतल्या आणि नेहमीप्रमाणे खाल्ल्या नाहीत. माझ्या हातात ठेवल्या. मी दोघांच्या खाल्ल्या.

पाचला कुलपं लावायला मी आत गेलो तेव्हा खोली रिकामी झाली होती. जमिनीवर हरभरे सांडलेले. दरोगासाहेब पाळण्याजवळ उभे होते. जाता जाता माझा कोपर पाळण्याला लागला आणि तो हलला. त्यांनी लगेच हातानं धरला. "रिकामा हलवू नये," ते म्हणाले. पाळणा स्थिर झाल्यावरही त्यांनी हात काढला नाही. मी किल्ली हातात धरून दाराशी थांबलो. घाई आहे असं या वेळी बोललो नाही. नंतर त्यांनी दोरी सोडली, पाळणा जागेवर ठेवला, दोरी वस्तूंपुढे परत बांधली आणि पाटी लावली. दुसऱ्या दिवशी मूठ मिटलेली होती. पुढच्या दिवशीही. गाव ठिकठिकाणी वसलं, त्यांची घरं झाली, आणि तिकडून कुणाला पालघरला यायचं कारण राहिलं नाही.

वहीत त्या दिवसाखाली सदुसष्ट नावं आहेत. पुढल्या वर्षी तेच तपासणी अधिकारी आले आणि त्यांनी तो आकडा लाल पेन्सिलीनं अधोरेखित करून शेजारी लिहिलं, प्रगती समाधानकारक. त्यांना आम्ही काही सांगितलं नाही. दरोगासाहेब शेजारी उभे होते आणि मला वाटतं, त्या वर्षात ते तेवढं एकदाच हसले.

त्या दिवसातली एक गोष्ट त्या वहीत नाही. ती पावतीबुकात आहे.

निघायच्या वेळी बैलगाडी जुंपून तयार होती. आजीनं पदराची गाठ सोडली आणि टोपलीतून नारळ काढला. बारसं दुसऱ्याच्या घरी करायची वेळ आली, तर त्या घराला नारळ आणि सव्वा रुपया द्यायचा, अशी त्यांची रीत. मी पावतीबुक घेऊनच बसलो होतो. पुढे होऊन मी हात पसरला. तिनं आपला हात मागे घेतला.

"तुमाला नाय. घरवाल्याला."

मी म्हणालो, आजी, ही जागा संस्थेची. मी खजिनदार. संस्थेच्या नावे पावती देतो.

"संस्था रातची हितं निजते का?" तिनं विचारलं. मग ती माझ्यावरून पुढे गेली आणि दरोगासाहेबांसमोर उभी राहिली. "पालना आमचा हाय," ती म्हणाली. "पन घर तुमचं. माजी नात तुमच्या घरात नाव घेऊन चालली."

त्यांनी आधी मागे वळून पाहिलं, आपल्या पाठीशी कोणी उभं आहे का म्हणून. कोणी नव्हतं. मग दोन्ही हात पुढे केले. तिनं नारळ ठेवला, त्यावर रुपया आणि चार आण्याचं नाणं ठेवलं. ते तसेच नारळ धरून उभे राहिले, आणि गाडी रस्त्याला लागेपर्यंत नाणी पडू नयेत म्हणून हलले नाहीत.

पावतीचा क्रमांक सत्तावीस. देणाऱ्याच्या जागी आजीचा अंगठा आहे, तो मी गाडीतच घेतला होता. घेणाऱ्याच्या जागी संस्थेचा शिक्का मारायचा असतो. मी तो मारला नाही. रुपया एक, पैसे पंचवीस, नारळ एक, पोचले, घरवाल्यास.